श्वास न घेणारा शेजारी

सूरकाकांचा कान हा गावातला सगळ्यात भरवशाचा अवयव होता. हे आमचं म्हणणं नाही, काकांचं स्वतःचं आहे, आणि ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचेच. घरोघरचे पियानो, मुलांची व्हायोलिनं, अकॉर्डियन, झालंच तर शाळेच्या सभागृहातला तो म्हातारा मोठा पियानो, हे सगळं सुरात लावायचं काम त्यांचं. दुसरे लोक या कामाला नादकाटा वापरतात. दोन पायांचा लोखंडी चिमटा असतो तो. गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, आणि त्या सुराला धरून बाकीच्या तारा जुळवायच्या असतात. काकांना या काट्याचा भारी तिटकारा. "काटा लंगड्या कानांना," ते म्हणायचे. "माझ्या कानात सूर बसवूनच मला खाली पाठवलंय. उद्या सगळं जग बेसूर झालं तरी मी होणार नाही."

तर अशा या कानाच्या धन्याला राहायला घर मिळत नव्हतं.

त्याचं असं आहे की, पियानो सुरात लावायचा म्हणजे एकच पट्टी ठण ठण ठण ठण वाजवत बसावं लागतं. तार जरा ताणायची, परत ठण ठण. एक झाली की शेजारची. दुरुस्तीला आलेला एखादा पियानो घरात असला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. शेजारी पहिल्या दिवशी कौतुकानं डोकावतात, दुसऱ्या दिवशी खोकतात, तिसऱ्या दिवशी भिंतीवर लाटणं आपटतात आणि आठवडाभरात घरमालकाला हाताला धरून घेऊन येतात. काका-काकूंनी अख्खं आयुष्य भाड्याच्या घरांतून उठण्यात घालवलं. एका घरमालकानं तर भाडं परत दिलं, वर टेम्पो स्वतः बोलावला.

शेवटच्या वेळी सामान बांधताना काकू दोरी हातात धरून तशाच खाली बसल्या. त्या रडल्याबिडल्या नाहीत, तो त्यांचा स्वभाव नव्हे. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं एकदा बांधते. यानंतर मी दोरीला हात लावणार नाही. जिथून आपल्याला कुणी उठवणार नाही असं स्वतःचं घर बघा. नाहीतर मी चालले बहिणीकडे, तुम्ही बसा तुमचे पियानो घेऊन रस्त्यावर."

काकांनी ओळखलं की ही धमकी नव्हे, हा निकाल आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दलाल गाठला.

दलाल मोठा वस्ताद गडी. त्याच्याकडे एक घर कितीतरी वर्षं पडून होतं. घर सुरेख होतं. तीन खोल्या, उंच छत, मागे मोकळी जागा. फक्त त्या मोकळ्या जागेपलीकडे तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे गावाचं वीज सबस्टेशन. येणारं गिऱ्हाईक खिडकी उघडायचं आणि पायातली चप्पल हातात घेऊन पळायचं. म्हणून या वेळी दलालानं पक्की तयारी केली होती. मागची खिडकी बंद, तिच्यावर जाड पडदा, कोपऱ्यात मोठ्यानं लावलेला रेडिओ, आणि पडद्याला पाठ लावून स्वतः दलाल. घर दाखवताना तो एकदाही तिथून हलला नाही. स्वयंपाकघर कुठे आहे, न्हाणीघर कुठे आहे, हे सगळं त्यानं तिथूनच हात लांब करकरून दाखवलं. काकूंनी विचारलं, मागे काय आहे? तो म्हणाला, मागे शांतता आहे.

काकांचं घराकडे लक्षच नव्हतं. ते खोलीच्या मधोमध मान वाकडी करून उभे होते.

"रेडिओ बंद करा," ते म्हणाले.

दलालाचा चेहरा पडला. त्यानं रेडिओ बंद केला. खोलीत एक आवाज होता, आणि तो रेडिओच्या खालून आधीपासूनच येत होता. जाडसर, खोल, घुमणारा. कानांपेक्षा तो आधी तळपायांना कळत होता.

"कोण आहे तिकडे?" काकांनी विचारलं.

दलाल म्हणाला, कोणी नाही हो, ते आपलं सरकारी काम आहे, रात्रंदिवस दिवे लागतात, चोरांची भीती नाही. तो बोलत असतानाच काकांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं, पडदा सारला आणि खिडकी उघडली.

पुढची गोष्ट सांगताना काकांचा आवाज आजही खाली येतो. समोर पोलादी मनोरे होते, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. त्यांच्यावर तपकिरी चिनी मातीच्या चकत्या, एखादीनं बशा घासून एकावर एक रचून ठेवाव्यात तशा. लांबून, टेकडीपलीकडून, जाडजूड तारा येत होत्या आणि त्या मनोऱ्यांवर उतरत होत्या. आणि मधे खडीवर बसलं होतं ते राखाडी रंगाचं प्रचंड धूड, ट्रान्सफॉर्मर. काकांच्या भाड्याच्या सगळ्या खोल्या एकत्र केल्या तरी त्याच्या पोटात मावल्या असत्या. तो हलत नव्हता, डुलत नव्हता. फक्त एक सूर धरून बसला होता.

काका उभे राहिले ते उभेच राहिले. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं दुखणं एकच होतं. सूर मरतो. पट्टी दाबली की तो जन्मतो, आणि तुम्ही त्याला नीट पाहाल तोवर विरत जातो. म्हणून परत दाबा, परत दाबा. जन्मभर ते मरणाऱ्या सुरांच्या मागे धावले होते, आणि इथे एक सूर होता जो मरतच नव्हता. त्यांनी श्वास रोखून वाट पाहिली. त्यांचा श्वास संपला, त्याचा संपला नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ना पांढऱ्या पट्टीवर आहे, ना काळ्या," ते पुटपुटले. "दोन्हींच्या मधल्या फटीत बसलाय. पण काय बसलाय. वा."

काकूंनी खिडकीतून पाहिलं तर त्यांना कुंपणावरची पाटी दिसली. पाटीवर कवटी होती, खाली दोन हाडं. कवटीचं तोंड बरोबर स्वयंपाकघराकडे होतं. त्या म्हणाल्या, इथे मी एक दिवस राहणार नाही. काका म्हणाले, अगं, विचार कर, हा एकटाच शेजारी आहे, आणि हा स्वतःच चोवीस तास आवाज करतोय, हा कुठल्या तोंडानं आपली तक्रार करणार? काकूंना हे बिनतोड वाटलं. त्यांनी कवटीकडे पाठ केली आणि बरं म्हटलं. दलाल मात्र सह्या होईपर्यंत घाबरलेला होता. असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला वाटत होतं की या माणसाला घराबद्दल काहीतरी माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही.

पहिला महिना काकूंनी रबरी चपला घालूनच काढला. दिव्याचं बटण त्या लाकडी डावानं दाबत. नळाला हात लावण्याआधी काकांना लावायला सांगत. काकूंच्या आईनं फोनवर काकांना विचारलं, मुलीला विजेच्या तोंडी दिलंस का रे बाबा? काहीही झालं नाही. काका दिवसभर ठण ठण करत होते आणि भिंतीवर लाटणं वाजत नव्हतं. हळूहळू काकूंच्या चपला सुटल्या, डाव भाजीत परत गेला, आणि दुपारी अंथरुणाला पाठ टेकली की त्या घुमण्यात त्यांना अशी गाढ झोप लागू लागली की लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं वजन वाढलं. काका तर सकाळचा चहा कुंपणापाशी उभे राहून घेत. आत ड्यूटीवरचा ऑपरेटर दिसला की त्याला विचारत, काय म्हणतायत आज आमचे शेजारी? ऑपरेटरला वाटायचं, काकांना कुणाची तरी चौकशी करायची आहे, म्हणून तो प्रत्येक वेळी सांगायचा की आज सुट्टीवर आहेत.

वर्ष सरलं. एकदा चहा पिता पिता काका म्हणाले, "काय बसलाय बघ. बरोबर पांढऱ्या पट्टीवर."

काकू भांडी पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "घर बघायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात की मधल्या फटीत आहे. तो सरकला की तुम्ही सरकलात?"

"तेव्हा मला सर्दी होती," काका म्हणाले.

इथेच त्यांचे कान टोचायला हवे होते. पण टोचणार कोण? काकूंना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि गावातल्या बाकी सगळ्यांना जे कळत होतं ते काकांनीच शिकवलेलं होतं. त्या वर्षात गावातलं एकूण एक वाद्य काकांच्या हाताखालून गेलं. प्रत्येक तार त्यांनी आपल्या खात्रीच्या कानानं, जिथे थांबायची तिथून केसभर पुढे ताणली. सगळीच वाद्यं सारखी चढली, त्यामुळे ती एकमेकांशी झकास जुळत होती. लोक म्हणायचे, काका, हल्ली तुमचं काम काय चोख होतंय, आमच्याकडचं आणि शेजारचं अगदी एक वाटतं. जुन्या पियानोंच्या तारा मधूनच तुटायच्या, तेव्हा काका तार बनवणाऱ्यांना शिव्या घालायचे. शाळेच्या संगीतबाई म्हणाल्या, मुलांचे गळे वरच्या सुराला फाटतात हो हल्ली. काकांनी सांगितलं, त्यांना पाणी प्यायला लावा. एका गृहस्थांना तर रेडिओवरचं प्रत्येक गाणं उतरलेलं वाटायला लागलं. त्यांनी रेडिओ बदलला. नवाही तसाच निघाला, तेव्हा ते म्हणाले, पूर्वीसारखे गाणारे राहिले नाहीत.

अशा या सुखी गावात एक पाहुणे आले.

शाळेचा मोठा कार्यक्रम होता, आणि बाईंनी खटपट करून लांबून एका नामवंत क्लॅरिनेटवादकांना बोलावलं होतं. वयानं पिकलेले, बोलायला हळू, चालायला त्याहून हळू. क्लॅरिनेट त्यांच्याजवळ तरुणपणापासूनचं होतं, ते त्यांनी एखाद्या तान्ह्या मुलासारखं मांडीवर आडवं धरलं होतं. संध्याकाळी कार्यक्रम, सकाळी सभागृहात तालीम. मुलं व्हायोलिनं घेऊन बसली, बाई पियानोवर बसल्या आणि काका पहिल्या रांगेत बसले, आपल्या कामाचं कौतुक ऐकायला.

पाहुण्यांनी पहिला सूर काढला आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी फिसकन हसली.

सूर खाली होता. फार नाही, पण खाली. पाहुणे थांबले. त्यांनी क्लॅरिनेटचे सांधे घट्ट आत ढकलले, कारण वाद्य जितकं आखूड होतं तितका सूर चढतो. परत वाजवलं. तरीही खालीच. आता ढकलायला जागाच उरली नव्हती. त्यांनी पियानोची एक पट्टी ऐकली, मग एका मुलाचं व्हायोलिन ऐकलं, मग दुसऱ्याचं. सगळी एका बाजूला, आणि ते एकटे एका बाजूला. एवढी मुलं, बाई, पियानो, सगळे चुकतील कसे? म्हाताऱ्या माणसानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हटलं, "माझाच कान गेला बहुतेक. कधी ना कधी जाणारच होता."

बाई रडायच्या बेतात होत्या. आणि अशा वेळी आपले सूरकाका उठले. मोठ्या मनानं, हं. कान कशाला जातोय, म्हणाले, लाकूड आहे ते, वयानं फुगतं, लांबतं. तोंडाजवळचा तो छोटा तुकडा आहे ना, तो केसभर कापला की सूर येतो जागेवर. घरी नेतो, संध्याकाळपर्यंत आणून देतो. पाहुण्यांनी वाद्य हातात दिलं. देताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर काकांनी तो तुकडा कापडात गुंडाळून शिकंज्यात धरला. बारीक पात्याची करवत काढली. पुसली. तुकड्यावर टेकवली आणि पहिली ओढ दिली. काळ्याभोर लाकडावर पांढरी रेघ उमटली.

आणि त्याच क्षणी शेजारी गप्प झाला.

सबस्टेशनवर देखभालीसाठी वीज बंद करणार, हे ऑपरेटरनं आदल्या दिवशी कुंपणावरून सांगितलं होतं. काकांना वाटलं होतं, कोणीतरी सुट्टीवर जातंय. आता पंखा थांबला, फ्रिज एकदा थरथरून थांबला, आणि त्या सगळ्याच्या खालचा, जमिनीतला, भिंतींतला, दातांतला तो सूर निघून गेला. काकांचा हात करवतीवर तसाच राहिला. घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना घर ऐकू येत होतं. पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू येत होती. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू येत होता. आपल्याच छातीतलं धडधडणं ऐकू येत होतं. एवढी मोठी शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि तिची त्यांना भीती वाटली.

काकू धावत बाहेर आल्या. "अहो, मेलं का काय ते?" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, जणू घरातलं माणूस बोलता बोलता थांबलं होतं.

काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी करवत खाली ठेवली, तुकडा सोडवला, क्लॅरिनेट जोडलं आणि एक फुंकर मारली. सूर आला. लांब, सरळ, स्वच्छ. काकांनी मान वर केली. मग ते आपल्या पियानोपाशी गेले आणि तीच पट्टी दाबली. पियानो किंचाळला. काकांनी हात असा मागे घेतला की जणू तव्याला लागला. परत क्लॅरिनेट, परत पियानो. त्यांनी दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली, सगळा पियानो टाचा उंचावून उभा असल्यासारखा.

"काटा कुठाय?" काका म्हणाले.

काटा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. खिडकीचं दार आपटू नये म्हणून काकूंनी तो फटीत अडकवला होता, कारण काकांनीच तो फेकून द्यायला दिला होता. काकूंनी तो उपटला, खिडकी धाडकन बंद झाली. काकांनी काटा गुडघ्यावर मारला. काटा क्लॅरिनेटच्या बाजूनं बोलला.

काका खुर्चीत बसले. गावातला एकेक पियानो त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. एकेक व्हायोलिन, फाटणारे गळे, तुटलेल्या तारा, तो रेडिओ. आणि तो म्हातारा माणूस, सभागृहात मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेला. शिकंज्यातून काढलेल्या तुकड्यावरची पांढरी रेघ त्यांच्याकडे बघत होती.

"या घरानं माझा कान खाल्ला," ते म्हणाले. "तो दिवसरात्र गात होता आणि मी त्याच्यामागून सरकत गेलो. घर विकावं लागेल. नाहीतर धंदा संपला माझा."

काकूंनी बंद खिडकीकडे पाहिलं. त्यांना सुरातलं काही कळत नव्हतं, पण घर विकणं म्हणजे काय ते नीट कळत होतं. "दोरीला मी हात लावणार नाही, तेव्हाच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "कानाचं काय करायचं ते तुम्ही बघा. आधी उठा, त्यांचं वाद्य त्यांना द्या आणि खरं काय ते सांगा. मी येते बरोबर, वाटेत पळालात तर."

पाहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकांना वाटलं होतं, हा माणूस आता आपल्या कानशिलात देईल, आणि ती खायची त्यांची तयारी होती. पाहुण्यांनी तुकड्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. सकाळपासून मी मेलेला होतो हो, ते म्हणाले, तुम्ही मला परत आणलंत. मग ते उठले आणि म्हणाले, "मला त्याला भेटायचंय."

तिघं कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. दुपार कलली होती. आत माणसं शिड्या आवरत होती. मग कुठेतरी एक जबरदस्त ठोका पडला, काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली, आणि तो सूर परत आला. आधी खडीतून, मग कुंपणाच्या तारेतून, मग तिघांच्या पायांतून वर. काकूंनी सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा टाकला की त्या स्वतःच ओशाळल्या.

पाहुणे ऐकत राहिले. मग त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि आपला सूर त्याच्याशेजारी नेऊन ठेवला. दोन्ही सूर एकमेकांना घासत थरथरत राहिले, जुळेनात. म्हाताऱ्याचा श्वास संपत आला, चेहरा लाल झाला, शेवटी त्यांनी वाद्य खाली घेतलं. समोरचा आपला चालूच.

"श्वासच घेत नाही," पाहुणे म्हणाले. त्यांनी आयुष्यभर श्वासाशीच झुंज घेतली होती. त्यांनी ट्रान्सफॉर्मरला वाकून नमस्कार केला. "याच्यामागे सरकलात, यात लाज कसली? मीही सरकलो असतो."

एका दुपारीत गावभरची वाद्यं उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून संध्याकाळी असं ठरलं की मुलांनी आपलं वाजवायचं, पाहुण्यांनी एकट्यानं वाजवायचं, दोघांनी एकमेकांच्या वाटेला जायचं नाही. मुलांचं झालं. मग पाहुणे उभे राहिले आणि त्या माणसानं असं वाजवलं की काका पहिल्या रांगेत ढसाढसा रडले. वर्षभरात त्यांनी ऐकलेली ती पहिली सुरातली गोष्ट होती.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी काकांना घेरलं. मुलांचं काय सुरेख झालं, वाद्यं काय लागली होती, वा काका. पाहुणे तेवढे जरा उतरलेलेच होते नाही का? वय झालं बिचाऱ्यांचं.

पाहुणे दोन पावलांवर उभे होते. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांना घर दिसलं, टेम्पो दिसला, दोरी दिसली, पण ते बोलले. "बेसूर मी आहे," ते म्हणाले. "माझ्यामुळे तुम्ही आहात, तुमची मुलं आहेत, हा पियानो आहे. या सभागृहात आज एकटे हे सुरात होते. उद्यापासून मी घरोघर येऊन सगळं परत लावून देईन, तुम्ही मला ठेवलंत तर."

मग एक गृहस्थ म्हणाले, बघा, याला म्हणतात मोठेपणा, पाहुण्याला कमीपणा येऊ नये म्हणून माणूस स्वतःवर घेतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी दोनदा समजावून सांगितलं, काटा काढून दाखवला, ट्रान्सफॉर्मरचं सांगितलं. जितकं सांगावं तितकी लोकांची मान आदरानं डुलत होती. पाहुण्यांनी गाडीत बसताना काकांचा हात दाबला आणि ते अगदी मनापासून म्हणाले, मला तुमची काळजी वाटते.

दुसऱ्या दिवशी काका खिशात काटा घालून संगीतबाईंच्या घरी गेले. दिवसभर बसून त्यांनी त्यांचा पियानो पट्टी पट्टी उतरवला आणि बरोबर जागेवर आणला. एवढं खरं काम त्यांनी कैक महिन्यांत केलं नव्हतं. बाई पियानोवर बसल्या, दोन पट्ट्या दाबल्या, चार दाबल्या. मग त्यांनी झाकण हळूच खाली घेतलं, काकांना पाणी आणून दिलं आणि शेजारी बसल्या.

"काका, रागावू नका," त्या म्हणाल्या. "वयानं होतं असं. माझ्या वडिलांचंही झालं होतं." आणि त्यांनी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. परवा या, तोवर बरं वाटेल, म्हणाल्या, आणि पहिल्यासारखं लावून द्या.

काका घरी आले. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. काय म्हणाल्या बाई, त्यांनी विचारलं, घर ठेवायचं की जायचं?

"जायचं कुठे?" काका म्हणाले. "आता गावाला लागणारा सूर या एकाच पत्त्यावर मिळतो."

काकूंनी देवाचे आभार मानले आणि त्या चहा टाकायला गेल्या. परत आल्या तर काका मागची खिडकी सताड उघडून, खुर्ची अगदी चौकटीला भिडवून, डोळे मिटून बसलेले.

"अहो, काय करताय?"

"थांब जरा," काका म्हणाले. "बाईंनी परवा बोलावलंय. तोवर कान जागेवर आणायला हवा."